बोधनची देवळ मशीद

बोधन हे आज तेलंगणातल्या निजामाबाद जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. आदिलाबादहून निर्मलमार्गे बासरला उतरावे, गोदावरी ओलांडावी, की बोधनचा मुलूख सुरू होतो. पलीकडे बिलोली आणि देगलूर लागतात. त्यामुळे बोधनच्या बाजारात तेलुगू, उर्दू आणि मराठी या तिन्ही भाषा कानावर पडतात. निजाम शुगर फॅक्टरीमुळे हे गाव विसाव्या शतकात साखरेसाठी प्रसिद्ध झाले. त्याच गावात एक जुनी दगडी वास्तू आहे आणि लोक तिला 'देवळ मशीद' म्हणतात. नावातले दोन्ही शब्द खरे आहेत. ही वास्तू आधी देऊळ होती, चौदाव्या शतकात मशीद झाली, आणि गावाने तिचे नाव घेताना दोन्हींपैकी एकही शब्द गाळला नाही.

बोधनचा इतिहास या वास्तूपेक्षा पुष्कळ जुना आहे. बौद्ध ग्रंथांत सोळा महाजनपदांची यादी येते. त्यांपैकी विंध्याच्या दक्षिणेला एकच जनपद होते, अश्मक किंवा अस्सक, आणि ते गोदावरीच्या काठी होते. त्याची राजधानी पोतन किंवा पौदन्य. बहुतेक अभ्यासक हे नगर म्हणजे आजचे बोधन असे मानतात. जैन परंपरेत पोदनपूर हे बाहुबलीचे नगर. भरताने तिथे बाहुबलीची प्रचंड मूर्ती उभारली होती, अशी कथा आहे. त्या मूर्तीच्या दर्शनाची आस आईला लागली, म्हणून गंग राजांचा मंत्री चामुंडराय याने श्रवणबेळगोळची मूर्ती घडवून घेतली, असे ती परंपरा सांगते. बोधनला बाहुबलीची मूर्ती आज नाही. पण दक्षिणेतल्या जैनांच्या स्मृतीत या गावाचे स्थान केवढे होते, ते या कथेवरून कळते.

दहाव्या शतकात हा भाग राष्ट्रकूटांच्या साम्राज्यात होता. वेमुलवाड्याचे चालुक्य हे त्यांचे मांडलिक, आणि या घराण्याच्या सुरुवातीच्या काळात त्यांचे ठाणे बोधनला होते. पुढे याच घराण्यातल्या दुसऱ्या अरिकेसरीच्या आश्रयाला कन्नडचा आदिकवी पंप होता. त्याने 941 साली 'विक्रमार्जुनविजय' लिहिले आणि त्यात आपल्या धन्याला अर्जुनाच्या जागी बसवले. पंप स्वतः जैन होता आणि काव्य मात्र महाभारतावरचे. त्या काळच्या दख्खनचे चित्र या एका माणसात दिसते. जैन आणि वैदिक या दोन परंपरा एकाच दरबारात, कधी कधी एकाच घरात नांदत होत्या. देवळ मशिदीचा पहिला थर वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते.

तो थर असा. बोधनला 1056 सालचा एक शिलालेख मिळाला आहे. कल्याणीच्या चालुक्यांपैकी पहिला सोमेश्वर, म्हणजे त्रैलोक्यमल्ल, त्याच्या कारकिर्दीतला हा लेख. त्यात इंद्रनारायण नावाच्या देवळाचा उल्लेख आहे. हे देऊळ राष्ट्रकूट सम्राट इंद्रवल्लभाने बांधले होते, आणि सोमेश्वराच्या काळात त्याचा जीर्णोद्धार होऊन तिथे गरुडस्तंभ उभारला गेला, असे लेखावरून कळते. इंद्रवल्लभ म्हणजे तिसरा इंद्र. तो 914 च्या सुमारास गादीवर आला आणि त्याने थेट कनौजपर्यंत धडक मारली. बांधणाऱ्या राजाचे नाव आणि विष्णूचे नाव जोडून देवाला इंद्रनारायण म्हणायचे, ही त्या काळची रीतच होती. हे इंद्रनारायणाचे देऊळ म्हणजेच आजची देवळ मशीद, असे सामान्यतः मानले जाते.

परंतु वास्तूच्या खांबांवर ध्यानस्थ तीर्थंकरांच्या मूर्ती कोरलेल्या आहेत. निजामाच्या काळातल्या इंग्रजी गॅझेटियरने याच आधारावर तिला जैन मंदिर म्हटले. लेख नारायणाचे नाव घेतो आणि खांब जिनांचे. यातले एक खरे धरून दुसरे खोटे ठरवण्याची घाई करू नये. पंपासारखा जैन कवी ज्या दरबारात भारत सांगत होता, त्या मुलखात एका देवळाचे खांब दुसऱ्याला लागणे, किंवा एकाच प्रांगणात दोन्ही दैवते असणे, यात नवल नाही. म्हणजे मशीद होण्याच्या आधीच या वास्तूच्या पोटात एकाहून अधिक श्रद्धा होत्या. तिचा इतिहास फक्त 'देऊळ होते, मग मशीद झाली' एवढ्या दोन पायऱ्यांचा नाही.

दुसरा थर लष्करी आहे. देवगिरीच्या यादवांचे राज्य दिल्लीच्या सुलतानांनी 1318 पर्यंत पुरते बुडवले आणि देवगिरी हे दक्षिणेच्या मोहिमांचे ठाणे झाले. त्यांच्यापुढे आता काकतीयांचे वरंगळ होते. सुलतान घियासुद्दीन तुघलकाचा मुलगा उलुघखान, जो पुढे महंमद बिन तुघलक म्हणून गादीवर आला, त्याने वरंगळवर दोनदा स्वारी केली. पहिली फसली. दुसरी 1323 ची. इतिहासकार बरनी लिहितो की या खेपेला उलुघखानाने आधी वाटेवरची बीदर आणि बोधन ही ठाणी घेतली आणि मगच तो वरंगळवर गेला. पहिल्या स्वारीत पाठीमागची वाट आणि टपाल तुटल्यामुळे त्याची फौज विसकटली होती. वाटेवरची ठाणी आपल्या ताब्यात असलीच पाहिजेत, हा धडा त्याने तिथे घेतला. बोधन देवगिरी आणि वरंगळ यांच्या मधल्या वाटेवर होते. त्याचे नशीब त्या वाटेने ठरवले.

वरंगळ पडले, काकतीय राजा प्रतापरुद्र कैद झाला आणि नगराचे नाव सुलतानपूर ठेवले गेले. किल्ल्याच्या मध्यावरचे स्वयंभू शिवाचे मंदिर पाडण्यात आले. काकतीयांचे ते राजदैवत होते. राज्य बुडाले हे प्रजेला कळावे म्हणून राजाच्या दैवताचे स्थान मोडायचे, हा त्या काळच्या सत्ताकारणाचा भाग होता. वरंगळच्या अवशेषांत आजही मंदिराच्या चार दिशांच्या चार तोरणांखेरीज फारसे उभे नाही. ती कमानी तोरणे पाहणाऱ्याला मधली मोकळी जागा बोचते. बोधनला तसे झाले नाही. तिथे वास्तू पाडली नाही, तिचा वापर बदलला. ज्यांची पूजा थांबली त्यांना हा फरक सांत्वन देणारा नव्हता, हे स्पष्टच म्हणायला हवे. पण वास्तूचा अभ्यास करणाऱ्याला हा फरक मोठा आहे, कारण त्यामुळेच दहाव्या शतकातले काम आजही डोळ्यांनी पाहता येते.

बदल काय झाला? गाभाऱ्याचा भाग काढून टाकला आणि मिंबर, म्हणजे प्रवचनाचे व्यासपीठ, बांधले. याहून मोठी तोडमोड झालेली दिसत नाही. ताराकृती तलविन्यास राहिला, मंडपाचे खांब राहिले, खांबांवरचे कोरीवकामही बहुतांशी राहिले. एवढ्या थोड्या बदलात देवळाची मशीद कशी होऊ शकते, याचे उत्तर दोन गोष्टींत आहे. एक जागेची रचना आणि दुसरी दिशा.

देवळात देव लहान, अंधाऱ्या गाभाऱ्यात असतो. भक्त एकेक करून पुढे जातो, दर्शन घेतो, बाजूला होतो. सभामंडप मोठा असला तरी सगळ्यांचे लक्ष गाभाऱ्याच्या अरुंद दाराकडे. मशिदीत असे एक केंद्र नसते. माणसे खांद्याला खांदा लावून आडव्या रांगांत उभी राहतात आणि सगळी एका भिंतीकडे तोंड करतात. म्हणून मशिदीला रुंद, मोकळी, खांबांची ओसरी लागते. दख्खनच्या देवळांचे सभामंडप अशाच खांबांवर उभे असतात: उभा खांब, त्यावर हस्त, त्यावर तुळई, त्यावर छत. गाभारा काढला की उरते ते खांबांचे दालनच. तिथे रांगा धरायला काही नव्याने बांधावे लागत नाही.

दुसरी गोष्ट दिशेची, आणि ती फार बोलकी आहे. आपल्याकडची बहुतेक देवळे पूर्वाभिमुख. दार पूर्वेला, गाभारा पश्चिमेला. दख्खनमधून मक्का पश्चिमेला, काटेकोर पाहिले तर पश्चिमेच्या किंचित उत्तरेला. त्यामुळे पूर्वाभिमुख देवळात जिकडे गाभारा, तिकडेच किब्ला, म्हणजे नमाजाची दिशा, येतो. देवाकडे तोंड करून उभा राहिलेला भक्त आणि मक्केकडे तोंड करून उभा राहिलेला नमाजी यांची पाठ एकाच दाराकडे असते. भारतात जुनी देवळे मशिदीच्या वापरात आणणे बांधकामाच्या दृष्टीने सोपे गेले, त्यामागे ही भूगोलाची मदत होती.

ज्या ठिकाणी भूगोलाने मदत केली नाही, तिथे काय झाले हे पाहिले की मुद्दा स्पष्ट होतो. सायप्रस बेटावर फामागुस्ता हे बंदर आहे. तिथे फ्रेंच वंशाच्या लुसिन्यान राजांनी 1298 च्या सुमारास संत निकोलसचे कॅथेड्रल बांधायला घेतले. बांधकामाचा 1311 सालचा एक लेख त्याच्या दक्षिण बाजूला आहे. पश्चिमेचा दर्शनी भाग फ्रान्समधल्या रांस शहराच्या कॅथेड्रलच्या धाटणीचा: तीन उंच दारे, वर जाळीदार दगडी खिडकी, दोन बाजूंना दोन मनोरे. सायप्रसच्या राजांचा राज्याभिषेक निकोशियात होई आणि मग फामागुस्ताच्या या देवालयात त्यांच्या डोक्यावर जेरुसलेमचा मुकुट चढे, जरी जेरुसलेम केव्हाच हातचे गेलेले होते. 1571 साली उस्मानी तुर्कांनी दीर्घ वेढ्यानंतर हे शहर व्हेनिसच्या हातून घेतले. तोफांच्या माऱ्यात आणि भूकंपांत मनोऱ्यांचे माथे ढासळले होते. ते पुन्हा कोणी बांधले नाहीत. कॅथेड्रलची मशीद झाली: आतली वेदी, पुतळे, रंगीत काचा गेल्या, भित्तिचित्रांवर चुना फिरला, एका मनोऱ्यावर छोटा मिनार चढला. 1954 साली तिला नाव मिळाले लाला मुस्तफा पाशाची मशीद. हा त्या वेढ्याचा सेनापती.

चर्चची वेदी पूर्वेला असते. सायप्रसहून मक्का मात्र दक्षिणेकडे, आग्नेयेला कलून. म्हणून फामागुस्ताला मिहराब, म्हणजे किब्ला दाखवणारा कोनाडा, वेदीच्या जागी आला नाही, तो दक्षिणेच्या बाजूच्या पाखेत बसवावा लागला. सबंध वास्तूचा लांबलचक अक्ष पूर्वेकडे धावतो आणि नमाजाच्या रांगा त्याला छेदून जातात. आत उभा राहणाऱ्या माणसाला दगड एकीकडे ओढतात आणि गालिचे दुसरीकडे. बोधनला अशी ओढाताण व्हायचे कारण नव्हते.  

बोधनच्या जोडीला दख्खनची आणखी दोन उदाहरणे घ्यावी लागतात, कारण 'देवळाची मशीद' या एका शब्दप्रयोगात फार वेगवेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात. पहिले उदाहरण दौलताबादचे, म्हणजे पूर्वीच्या देवगिरीचे. तिथली जामा मशीद 1318 ची, कुतुबुद्दीन मुबारक खिलजीच्या काळातली. ती बोधनसारखे रूपांतर नाही. ती नव्याने बांधलेली मशीद आहे, पण तिचे 106 खांब जुन्या देवळांतून आणून उभे केलेले आहेत. खांबांची घडण एकसारखी नाही, कारण ते एका देवळाचे नाहीत. मशिदीच्या प्रचंड चौकात उन्हात उभे राहून आत पाहिले, की प्रत्येक खांबावरची नक्षी वेगळी दिसते. कुठे घटपल्लव, कुठे साखळीला लटकणारी घंटा, कुठे नुसते साधे चौकोन आणि अष्टकोन. याच मशिदीत 1347 साली अलाउद्दीन हसन बहमनशाहाचा राज्याभिषेक झाला आणि दख्खनचे पहिले स्वतंत्र मुसलमानी राज्य उभे राहिले. राजाचा मुकुट आणि प्रार्थनेची जागा यांचे नाते फामागुस्ताला आणि दौलताबादला सारखेच दिसते.

दुसरे उदाहरण विजापूरचे. तिथली करीमुद्दीनची मशीद 1320 ची. तीही देवळांचे खांब वापरून बांधलेली. तिच्यावर फारसी लेखाबरोबर नागरी लिपीतला एक लेखही आहे आणि त्यात बांधणाऱ्या सुताराचे नाव आहे: साळोटगीचा रेवोया. साळोटगी विजापूरजवळचेच गाव. म्हणजे दिल्लीहून आलेल्या सुभेदाराने मशीद बांधवली, पण हात स्थानिक कारागिराचे, आणि त्याने आपले नाव आपल्या लिपीत कोरले. कुठला खांब कुठे बसेल, कुठली तुळई किती भार पेलेल, हे त्याला पिढ्यान्‌पिढ्यांच्या धंद्यातून माहीत होते. बोधनला गाभारा काढतानाही छत कोसळू न देणारे हात असेच, त्याच मुलखातले असणार. कारण खांब आणि तुळईची बांधणी उकलायची कशी हे त्या बांधणीत वाढलेल्यालाच येते.

एकाच राजवटीच्या काळात काय काय घडत होते, हे पाहिले तर चित्र आणखी गुंतागुंतीचे होते. बोधन हातात आले 1323 साली. त्यानंतर तीनच वर्षांनी, 1326 साली, कल्याणीला म्हणजे आजच्या बसवकल्याणला एक संस्कृत शिलालेख कोरला गेला. तिथल्या शिवमंदिराच्या पूजेत दंगलीमुळे खंड पडला होता. महंमद बिन तुघलकाच्या अधिकाऱ्याने मंदिराची दुरुस्ती करून पूजा पुन्हा सुरू करायला परवानगी दिली, असे तो लेख सांगतो. म्हणजे स्वारीच्या धामधुमीत देऊळ हिसकावणारा राजपुत्र आणि मुलूख स्थिरावल्यावर देऊळ दुरुस्त करू देणारा सुलतान एकच होता. बोधनची हकीकत सांगून कल्याणीची लपवणे, किंवा कल्याणीची सांगून बोधनची झाकणे, या दोन्ही रीतींनी इतिहासावर अन्याय होतो. दोन्ही हकीकती दगडात आहेत आणि दोन्ही वाचता येतात.

असे लेख वाचण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत गुलाम याझदानी यांचे नाव आदराने घ्यावे लागते. हैदराबाद संस्थानाने 1914 साली पुरातत्त्व खाते काढले, तेव्हा ते त्याचे पहिले प्रमुख झाले. अजिंठ्याच्या चित्रांचे जतन, बीदरच्या वास्तूंचे सर्वेक्षण ही त्यांची मोठी कामे. फारसी आणि अरबी शिलालेखांच्या सरकारी प्रकाशनाचे संपादनही त्यांच्याकडे होते आणि बोधनचे लेख त्यांनी तिथे छापले. ज्या संस्थानाचा राजा मुसलमान होता, त्याच्याच खात्याने ही वास्तू मुळात देऊळ होती हे नोंदवून ठेवले. आज बोधनबद्दल जे खात्रीने सांगता येते, त्यातले बरेचसे त्या काळच्या लेखवाचनावर उभे आहे.

वास्तूचा वापर बदलणे हे फक्त मध्ययुगापुरते नव्हते. दौलताबादच्या जामा मशिदीत 1948 साली, हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर, भारतमातेची मूर्ती बसवण्यात आली आणि आता तिला भारतमाता मंदिर म्हणतात. ज्या देवळांतून ते खांब आले, त्या देवळांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. मशिदीला आज बहुतेक प्रवासी मशीद म्हणून ओळखत नाहीत. खांब मात्र तेच आहेत, आणि पश्चिमेच्या भिंतीतला मिहराबही आहे. स्पेनमध्ये कोर्दोव्हाची मोठी मशीद 1236 साली कॅथेड्रल झाली आणि सोळाव्या शतकात तिच्या खांबांच्या जंगलाच्या मध्यभागी एक चर्च उभारले गेले. तिथेही खांब आधीच्या रोमन आणि व्हिसिगॉथ इमारतींतून आणलेले होते. बांधणारे बदलले, त्यांच्या प्रार्थना बदलल्या, पण चांगला घडवलेला दगड टाकून देणे कोणालाच परवडले नाही.

बोधनहून गोदावरीपलीकडच्या आदिलाबाद जिल्ह्यात मशीद झालेले असे देऊळ शोधायला गेले तर हाती लागत नाही. पण देवताच बदललेले एक देऊळ आहे आणि तेही लेखाच्या आधाराने सांगता येते. आदिलाबादपासून सुमारे 20 किलोमीटरवर जैनाथ येथे काळ्या पाषाणातले जुने देऊळ आहे. आज तिथे लक्ष्मीनारायणाची पूजा होते. गावाच्या नावावरून ते पूर्वी जैनांचे असावे असेही कुणी म्हणतात. देवळातला संस्कृत शिलालेख मात्र वेगळेच सांगतो. माळव्याच्या परमार घराण्यातला जगद्देव आपला मुलूख सोडून कल्याणीच्या चालुक्यांच्या चाकरीत आला होता आणि पैनगंगेच्या दोन्ही काठांच्या या भागावर त्याचा अंमल होता. पलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात डोंगरगावला त्याचा शके 1034 चा, म्हणजे 1112 सालचा लेख आहे आणि तो वा. वि. मिराशी यांनी संपादित केला. जैनाथचा लेख त्याच्याच काळातला. जगद्देवाच्या पदरी असलेला लोलार्क नावाचा सरदार, त्याची पत्नी पद्मावती, आणि तिने बांधवलेले निंबादित्याचे, म्हणजे सूर्याचे देऊळ, एवढी हकीकत त्यात आहे.

सूर्याचे देऊळ नारायणाचे केव्हा झाले, याची नोंद कोणत्याही दगडावर नाही. सूर्याला सूर्यनारायण म्हणायची आपल्याकडे जुनी चाल आहे, त्यामुळे ही वाट फार लांबची नव्हती. वर्षातल्या ठराविक दिवसांत सकाळचे ऊन दारातून आत शिरून मूर्तीच्या पायांवर पडते, म्हणून जैनाथची ख्याती आहे आणि ते पाहायला लोक पहाटेच येऊन बसतात. दारातून येणाऱ्या उन्हाकडे त्यांचे डोळे लागलेले असतात. लोलार्काच्या पत्नीने हे देऊळ ज्या देवासाठी बांधवले, तो देव त्या पहाटे दारातूनच आत येत असतो. तिचे नाव मात्र शिलालेखाच्या दगडावरच आहे, आणि तो दगड त्याच आवारात आहे.